यहदीहच्या दुकानात

चार उंटिणी विकल्या तेव्हा
चौथीनं मागे वळून पाहिलं नाही.
बरं झालं.
पैशांचं पुडकं पोटाशी बांधून
शामीला आलो, ट्रकच्या टपावर बसून,
तोंडात वाळू, कानात वारा.

इथे दर तिसऱ्या दुकानात
तेच पिवळं खोकं, तोच शिक्का, तीच गोल थाळी,
आणि प्रत्येक दुकानदार
शपथ घ्यायला एक हात मोकळा ठेवून बसलेला.
सिदातीनं, माझ्या चुलतभावानं,
गेल्या वर्षी असंच एक उचललं होतं.
यंत्र दिवसभर ओरडायचं,
दगडाला, त्याच्याच पट्ट्याच्या बकलाला,
एकदा नुसतं चंद्राकडे धरलं तरी ओरडलं.
सोळा खड्डे खणले त्यानं,
सतराव्यात बसून रडला.
मला एवढंच म्हणाला: यहदीहकडे जा.
महाग आहे. आणि म्हातारा आधी तुला हाकलून देईल.

तसंच झालं.
"कशाला हवंय?"
मान वर न करता, एका तारेला डाग देत.
सोनं, म्हटलं.
"सोनं हवं तर सोनाराकडे जा.
इथे फक्त आवाज मिळतो."

मग चहा. दुसऱ्या पेल्यापर्यंत
किंमत त्यानं काढली नाही, मीही नाही.
दारावर एक यंत्र उलटं टांगलेलं,
फाशी दिल्यासारखं.
हे काय?
"माझं पाप. दुबईच्या मालात एक खोटं आलं,
मला कळायच्या आत विकलंही गेलं.
घेणाऱ्याला शोधत झुएरातपर्यंत गेलो, अकरा दिवस.
पैसे दिले, हे परत आणलं.
रोज दुकान उघडताना कपाळाला लागतं.
लागू दे."

मागच्या अंगणात त्यानं मला पाठ फिरवायला लावली
आणि वाळूत तीन वस्तू पुरल्या.
"चाल. हळू. केर काढतोस तसा."
आमच्याकडे केर बायको काढते, म्हटलं.
"म्हणूनच हरवलेली सुई तिला सापडते."

पहिला आवाज जाडाभरडा,
रेकणाऱ्या गाढवाचा: सार्डिनच्या डब्याचं झाकण.
दुसरा तुटक, खोकल्यासारखा: जुनं काडतूस.
मग बराच वेळ काही नाही.
मग काहीतरी, इतकं बारीक
की वाटलं माझंच नाक वाजतंय.
गुडघ्यावर बसलो, मूठभर वाळू चाळली.
त्याच्या लेकीच्या कानातला मणी,
मसुराएवढा.
त्यानं तो फुंकून पुसला, खिशात टाकला,
खिशाला गुंडी लावली.
"हा तिसरा ज्याला ऐकू येत नाही
त्याला मी विकत नाही."

नाणं वाजवून घेतात म्हणे.
इथे गिऱ्हाईकच वाजवून घेतलं.

सगळ्यात मोठ्या यंत्राकडे माझा हात गेला
तर त्यानं मनगट धरलं.
"ते खोल बघतं, खरंय.
पण तुझ्या दंडात तेवढं बळ नाही.
दुपारपर्यंत उचलशील, मग मला शिव्या देशील."
मधलं दिलं.
उरलेल्या पैशांत म्हणाला पाणी घे,
आणि जोडीला माणूस, एकटा जाऊ नकोस.
पावती हातानं लिहिली, यंत्राचा आकडा दोनदा तपासून,
खाली आपला फोन नंबर,
त्याखाली धाकट्या भावाचा:
"मी मेलो तर."

गावाबाहेर आलो तेव्हा वारा पडला होता.
यंत्र चालू केलं. गप्प.
शंभर पावलं, दोनशे. गप्पच.
जन्मभर मला सगळ्यांनी सांगितलं होतं
की आहे, इथेच आहे, थोडं अजून खण:
दलालांनी, हाकिमांनी, मेहुण्यानं.
पहिल्यांदाच कुणीतरी
नाही ते नाही म्हणत होतं.

खदिजेतूला फोन लावला.
घेतलंस का? घेतलं.
काय म्हणतंय?
काही नाही म्हणतंय.
ती थोडा वेळ थांबली. पाठीमागे शेळी ओरडत होती.
मग आता?
आता थोडा पुढे जातो, म्हटलं,
सिदाती येतोय पाण्याचे डबे घेऊन.